पायरीवरचं मागणं

देवळात दर्शन झालं की लगेच पाठ फिरवून निघू नये, पायरीवर घटकाभर टेकावं, अशी आपल्याकडे रीत आहे. शिरोळ तालुक्यातल्या नृसिंहवाडीला, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, टेकायला जागा शोधावी लागत नाही. वर औदुंबर, खाली पाणी आणि मध्ये पायऱ्याच पायऱ्या. या टेकण्यासाठी एक छोटा संस्कृत श्लोक आहे. ज्यांना तो पाठ नाही त्यांनाही त्यातलं मागणं मात्र पाठ असतं. मरण आयासावाचून यावं, जगणं दैन्यावाचून असावं आणि शेवटच्या क्षणी देव जवळ असावा, इतकंच ते मागणं. मराठीत त्याचं रूप आणखी साधं होतं: ‘महाराज, हातपाय चालते आहेत तोवर न्या. कुणाचं करून घ्यायची वेळ आणू नका.’ या तीन मागण्यांपैकी पहिलीकडे आपलं लक्ष चटकन जातं, कारण तिच्यात मरणाचं नाव आहे. तिसरीवर कीर्तनकार बोलतात. मधली मागणी, दैन्यावाचून जगण्याची, दोघींच्या मध्ये दबून राहते. माझं म्हणणं असं की या साऱ्या मागण्याचा जीव त्या मधल्या शब्दात आहे. दीर्घायुष्य आणि सुखाचं मरण ही दोन टोकं बांधून ठेवणारा दोर तोच आहे. आणि देवाकडे मागितलेल्या या तिन्हींपैकी जी पुरवणं माणसांच्या हाती सगळ्यांत जास्त आहे, तीही हीच.

शंभर वर्षं जगण्याची इच्छा आपल्याकडे फार जुनी. शुक्ल यजुर्वेदाच्या छत्तिसाव्या अध्यायात सूर्याला उद्देशून एक प्रार्थना आहे. शंभर शरद ऋतू आम्ही पाहावेत, जगावेत, ऐकावेत, बोलावेत, असं म्हणत ती पुढे सरकते आणि मग एक शब्द येतो: ‘अदीन’. शंभर वर्षं आम्ही अदीन असावं. नुसती वर्षंच हवी असती तर ‘जगावं’ या एका क्रियापदावर भागलं असतं. मागणाऱ्याने डोळे मागितले, कान मागितले, वाचा मागितली आणि हे सगळं असूनही जे हातून निसटू शकतं ते शेवटी वेगळं मागून घेतलं. पायरीवरचं ‘दैन्य’ आणि वेदातलं ‘अदीन’ हे एकाच ‘दीन’ शब्दाचे दोन अंकुर आहेत. मधल्या काळात यज्ञ मागे पडले, देवळं उभी राहिली, दैवतं बदलली, मागणाऱ्यांची भाषा बदलली. हा एक शब्द तेवढा हातोहात पुढे आला. आपल्या घरगुती विधींतही तो अर्थ आहे. ‘औक्षवंत हो’ हा आशीर्वाद लहानाला मिळतो, आणि साठीशांत, सत्तरीची भीमरथी शांत, हजार पौर्णिमा पाहून झाल्यावरचं सहस्रचंद्रदर्शन हे म्हाताऱ्यांचे सोहळे. हजार पौर्णिमा म्हणजे सुमारे ८० वर्षं १० महिने. पण त्या दिवशी केवळ चंद्र मोजले जात नाहीत. वडीलधाऱ्या माणसाला पाटावर बसवतात, लेकी-सुना, नातवंडं ओवाळतात, वाकून पाया पडतात. इतकी वर्षं जगलेलं माणूस घरात अजून मानाचं आहे, हे चारचौघांत सांगण्याचा तो विधी असतो.

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातला महामृत्युंजय मंत्र पाहिला की हे आणखी स्पष्ट होतं. त्याच्या नावात मृत्यूवर विजय आहे, पण मंत्राच्या पोटात मागितलंय ते निराळं. देठापासून उर्वारुक सुटावं तसं मृत्यूच्या बंधनातून सुटू दे, अशी ती उपमा आहे. उर्वारुक म्हणजे काकडी-चिबडाच्या जातीचं वेलीवरचं फळ. चिबूड कच्चं असताना तोडायला जा. पिळावं लागतं, ओढावं लागतं, देठातून पाणी गळतं, कधी वेलीचा शेंडाच हातात येतो. तेच फळ पुरतं पिकलं की रंग बदलतो, मळ्यात शिरताच वास येतो, देठाभोवती बारीक चीर पडते आणि बोट लावलं की ते वेलीपासून अलगद सुटतं. वेलीला दुखत नाही, फळालाही नाही. मळ्यात वावरणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. या एका उपमेत दीर्घायुष्य आणि सुखाचं मरण अशा दोन मागण्या उरतच नाहीत. कच्चं तोडू नकोस आणि पिकल्यावर वेलीवर कुजत ठेवू नकोस, हे दोन्ही ‘पिकू दे’ या एकाच मागण्यात येतं. आपण बोलतानाही ‘पिकलं पान’ म्हणतो, ‘सोनं झालं’ म्हणतो, ‘चालताबोलता गेले’ म्हणतो. तरुण माणूस गेलं तर यातला एकही शब्द आपल्या तोंडून बाहेर पडत नाही.

या मागण्याचा पुरावा शिरोळच्या मातीतही आहे. सरस्वती गंगाधरांच्या ‘गुरुचरित्रा’त अठराव्या अध्यायात अमरापूरच्या एका गरीब ब्राह्मणाची कथा येते, आणि विसाव्या-एकविसाव्या अध्यायांत शिरोळच्या एका बाईची. दोन्ही घटनांचं ठिकाण हा संगम. अमरापूरच्या ब्राह्मणाच्या दारी घेवड्याचा वेल होता. भिक्षा मिळाली नाही त्या दिवशी त्याच्या शेंगांवर घर भागे. ज्यांचं हे चरित्र, ते गुरू नृसिंह सरस्वती भिक्षेला आले, घेवड्याची भाजी जेवले आणि जाताना तो वेलच उपटून गेले. घरची बाई रडू लागली. नवऱ्याने तिची समजूत घातली आणि मूळ काढायला खणलं, तर द्रव्याने भरलेला घडा लागला. इथे कुणी मेलं नव्हतं, कुणी आजारी नव्हतं. गुरूंनी घालवलं ते दैन्य. शिरोळच्या बाईची मुलं जन्मून जगत नव्हती. कथा त्याचं कारण देते ते असं, की मागल्या जन्मी तिने एका माणसाचं ऋण बुडवलं होतं, त्याने त्यापायी जीव दिला होता आणि त्याचाच समंध आता मुलं नेत होता. तिला नुसतं प्रदक्षिणा घालायला सांगितलं नाही. औदुंबराच्या सेवेबरोबर त्या मृत माणसाचं राहिलेलं क्रियाकर्मही करायला सांगितलं. पुढे मुलगे झाले, आणि त्यातला एक पुन्हा गेला तेव्हा ती प्रेत घेऊन पादुकांपाशी आली आणि उठेना. एक ब्रह्मचारी येऊन तिला देहाचं नश्वरपण समजावतो, शहाणपणाचं सगळं बोलतो. तिला ते पटत नाही. रात्र सरते आणि मूल उठतं. कथाकाराला वेदान्त ठाऊक होता, तो त्याने ब्रह्मचाऱ्याच्या तोंडी घातलाच. तरीही शेवट त्याने आईच्या बाजूने केला. कच्चं फळ तुटल्याचं दुःख तत्त्वज्ञानाने झाकू नये, असं त्याला वाटलं असावं. आणि अकाली मरणाच्या मुळाशी त्याने कुणातरी दुसऱ्याचं दैन्य ठेवलं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. आयुष्य कपाळी लिहिलेलं असेल तर मागण्याला अर्थ काय, आणि लिहिलेलं नसेल तर मागायचं कुणाकडे? परंपरेने हा प्रश्न टाळलेला नाही. ‘गुरुचरित्रा’तच गाणगापूरच्या कथेत मेलेला नवरा उठतो तेव्हा एक जण हीच शंका काढतो, आणि उत्तर येतं की पुढल्या जन्मातली वर्षं आणून याला दिली आहेत. म्हणजे चमत्काराच्या कथेतही हिशेब मोडलेला नाही, उसनवारी झाली आहे. रोजच्या आचारात तर भेद आणखी स्पष्ट आहे. देवाचं तीर्थ ओंजळीत घेताना जो श्लोक म्हणतात त्यात अकालमृत्यूचं हरण मागितलेलं असतं, मृत्यूचं नव्हे. मरण येऊच नये असं पायरीवर बसलेलं कुणीही मागत नाही. ‘अभद्र बोलू नये’ म्हणणाऱ्या आपल्या घरांना मरणाचं भान नाही, असंही नाही. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढून वाडीच्या देवळात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं, तेव्हा त्या पाण्यात स्नानाला माणसं दुरून येतात. दक्षिण ही यमाची दिशा. एरवी त्या दिशेला पाय करून कुणी झोपत नाही; इथे त्याच दिशेच्या दारावर ‘दक्षिणद्वार सोहळा’ होतो. मागण्याने काय होतं, याचं माझ्यापुरतं उत्तर असं: मागण्याने इच्छांना क्रम लागतो. रोज जो माणूस स्वतःच्या तोंडाने वर्षांच्या आधी अदीनपण मागतो, त्याला काय वाचवायचं आणि काय सोडायचं हे वेळ येईल तेव्हा नव्याने ठरवावं लागत नाही.

दुसरा आक्षेप भक्तीच्या अंगाने येतो. ही सकाम प्रार्थना झाली. वारकरी संतांनी देवाकडे आयुष्य मागितलं नाही, सुखाचं मरणही नाही. विसर पडू नये इतकंच मागितलं. शिवाय अनायास मरण म्हणजे झोपेत जाणं असेल, तर गीतेच्या आठव्या अध्यायातल्या अंतकाळच्या स्मरणाचं काय? या आक्षेपात बळ आहे. पण ‘अनायास’ म्हणजे ‘बेसावध’ नव्हे. आयास म्हणजे ओढाताण. ती नसावी हे मागणं स्मरणाच्या आड येत नाही, उलट त्याला जागा करून देतं. वेदनेने पिळवटलेल्या माणसाला नाम घेणंही जड जातं. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यांत आठव्या अध्यायाला त्यांनी ‘प्रयाण-साधना’ म्हटलं. शेवटचा क्षण ऐनवेळी साधत नाही, तो सगळ्या आयुष्याचं फळ म्हणून हाती येतो, हा त्यांचा रोख. १९८२च्या नोव्हेंबरमध्ये पवनारला त्यांनी अन्न-औषध बाजूला ठेवून देह सोडला तेव्हा पन्नास वर्षांपूर्वीचं ते प्रवचन पुरं झालं, असं म्हणता येईल. सगळ्यांना विनोबा होता येत नाही. पण पायरीवर बसून रोज शेवटाची आठवण काढणं, हा त्याच साधनेचा प्रापंचिकाला झेपणारा भाग आहे.

शिरोळ तालुक्यात या बाबतीत शेजारही बोलका आहे. इथल्या गावोगाव दिगंबर जैन शेतकरी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत आणि त्यांच्या प्रार्थनेतही शेवटाचं मागणं आहे. तो शब्द ‘समाधिमरण’. बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावचे आचार्य शांतिसागर यांनी १९५५ साली कुंथलगिरीवर सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी सोडून मरण स्वीकारण्याचं व्रत, घेतली आणि महिन्याहून अधिक दिवसांच्या व्रतानंतर १८ सप्टेंबरला देह ठेवला. २०१५च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने अशा व्रताला आत्महत्येच्या पंक्तीला बसवलं आणि त्याच महिन्याअखेर सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. एका अंगणात मरण आयासावाचून मागितलं जातं, शेजारच्या अंगणात ते व्रताच्या आयासाने स्वीकारलं जातं. वरवर ही दोन टोकं वाटतात. तरी दोन्हीकडे नकोसं आहे ते एकच: काळाने फरपटत न्यावं आणि आपण लाचार होऊन जावं, ते. एकाची वाट कृपेची, दुसऱ्याची निग्रहाची. जायचंय ते अदीन राहूनच.

इथवर मी ज्याला दैन्य म्हणत आलो, त्याचा सगळ्यांत कडू अर्थ बायकांच्या मागण्यात सापडतो. तिसरा आक्षेप तिथूनच येतो, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. वटसावित्रीला बाई आयुष्य मागते ते नवऱ्याचं. तिला आशीर्वाद मिळतो तो अखंड सौभाग्याचा. आणि स्वतःसाठी ती मागते ते अहेवपणी मरण, कपाळी कुंकू असताना उचललं जाणं. ज्या परंपरेत बाईने आपलं आयुष्य नवऱ्याहून आखूड मागावं, तिच्यातल्या दीर्घायुष्याच्या प्रार्थनेला न्याय्य कसं म्हणायचं? हे मागणं प्रेमातूनही येत असेल, पण त्याखाली भीती होती, आणि ती खरी होती. मागे राहिलेल्या बाईचं कुंकू पुसलं जाई, बांगड्या फोडल्या जात, मंगळसूत्र आणि जोडवी उतरवली जात, मंगलकार्यात तिने मागे उभं राहायचं असे. मरणाहून ते जिणं वाईट म्हणून ती आधी मरण मागत होती. वाडीहून कुरुंदवाडच्या पलीकडे असलेल्या, याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी ठराव करून या विधवा प्रथा बंद केल्या. ६ मेला राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला १०० वर्षं होत होती, त्याच आठवड्यात. महिना सरायच्या आत राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचं उदाहरण घालून दिलं. ठरावाने मनं एका दिवसात पालटत नाहीत, हे मान्य. पण तत्त्वाने काय घडलं ते पाहा. जे दैन्य दैवाने दिलं असं वाटत होतं ते गावाने दिलं होतं, आणि म्हणून ते गावाला परत घेता आलं. ‘दैन्यावाचून जगणं दे’ हे मागणं त्या दिवशी देवळाच्या पायरीवरून ग्रामसभेत आलं. अहेव मरण मागायचं कारणच जिथे नाहीसं होतं, तिथे बाई पहिल्यांदा स्वतःसाठी शंभर वर्षं मागू शकते.

आता कुणी म्हणेल, परावलंबन म्हातारपणात येणारच. ‘कुणाचं करून घ्यायची वेळ येऊ नये’ या मागण्यात सेवेचा अपमान आहे, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला त्यातून ‘तू ओझं आहेस’ हाच निरोप पोचतो. हा आक्षेप मी मान्य करतो, आणि त्यानेच माझं म्हणणं पुरं होतं असंही म्हणतो. अवलंबून असणं वेगळं आणि दीन असणं वेगळं. तान्हं मूल सर्वस्वी परावलंबी असतं, पण त्याला कुणी दीन म्हणत नाही, कारण त्याला उचलणारे हात कंटाळलेले नसतात. दैन्य माणसाच्या थकलेल्या पायांत नसतं. पाणी मागितल्यावर वाट पाहायला लावण्यात, न विचारता कूस बदलण्यात, त्याच्यासमोरच त्याच्या खर्चाचा हिशेब करण्यात असतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३मध्ये हल्ला झाला आणि त्यानंतर जवळजवळ ४२ वर्षं, १८ मे २०१५पर्यंत, त्या त्याच रुग्णालयात अचेतनासारख्या पडून होत्या. त्यांना मरण द्यावं का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला तेव्हा २०११च्या निकालात न्यायालयाने त्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांच्या इच्छेला वजन दिलं. परिचारिकांच्या किती पिढ्या बदलल्या असतील. न ओळखणाऱ्या, न बोलणाऱ्या एका बाईला त्यांनी आपली मानून न्हाऊमाखू घातलं. ते आयुष्य कुणी मागून घ्यावं असं नव्हतं, आणि त्याच निकालाने पुढे वेगळ्या वाटेचं दारही किलकिलं केलं. तरी त्या खाटेवर जे कमी होतं ते आरोग्य. मान कमी नव्हता.

म्हणूनच आजच्या वैद्यकाने ही प्रार्थना कालबाह्य केली, असं मला वाटत नाही. यंत्रांनी वर्षं वाढवता येतात. पिकलेलं फळ वेलीवर बांधून ठेवणंही त्यामुळे शक्य झालं आहे. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच धरला आणि उपचार कुठवर करावेत हे आधी लिहून ठेवण्याची मुभा दिली. २०२३च्या जानेवारीत त्याची पद्धत सोपी केली. वेदना शमवणारं मॉर्फिन १९८५च्या अमली पदार्थ कायद्याच्या जाचामुळे रुग्णांपर्यंत पोचत नव्हतं. २०१४च्या दुरुस्तीने ती वाट मोकळी करण्याचा प्रयत्न झाला. मुंबईत वांद्र्याला १९८६मध्ये सुरू झालेलं शांती अवेदना सदन बरं न होणाऱ्या कर्करुग्णांची शुश्रूषा करतं; त्याच्या नावातच वेदना नसण्याचं मागणं आहे. आईबापांचा सांभाळ करायला लावणारा २००७चा कायदा आहे, निराधार वृद्धांसाठी राज्याची श्रावणबाळ योजना आहे. हे सगळं प्रार्थनेऐवजी आहे असं मी समजत नाही. अनायास मरण आणि अदीन जगणं मागणाऱ्या समाजाने आपल्याच मागण्याला दिलेली ही उत्तरं आहेत, अपुरी आणि उशिराची. कायद्याला आपण हे देवाकडेच मागत आलो होतो याचा विसर पडू नये, आणि भक्ताला त्यातलं बरंच आपल्याच हाती आहे याचा.

चिबूड आपल्या बळावर पिकत नाही. देठ सुटेपर्यंत त्याला वेलच पोसत असतो, आणि वेलाला कुणीतरी पाणी पाजत असतं. पायरीवर बसलेलं म्हातारं माणूस डोळे मिटून पुटपुटतं तेव्हा ते महाराजांशी बोलत असतं, हे खरंच. पण पुटपुटणं अगदी मनातलं नसतं. शेजारी चपला हातात घेऊन थांबलेल्या लेकाला, सुनेला, नातीला ते ऐकू जातं. आयुष्य किती द्यायचं आणि ते केव्हा काढून घ्यायचं, हे महाराजांनी ठरवावं. मधलं मागणं मात्र त्या शेजारी उभ्या असलेल्याने ऐकायचं असतं, आणि मग हात पुढे करून त्याला पायरीवरून उठवायचं असतं.